'समर्पक साथ केली'च्या पलीकडे

डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचे दिवस आले की पुण्यात एक वाक्य हमखास वाचायला मिळतं : अमुक यांच्या सुरांनी रसिकांना मंत्रमुग्ध केलं. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य दुसऱ्या गायकाच्या अंगावर चढतं, तिसऱ्या दिवशी सतारवादकाच्या. त्याचे सोबतीही ठरलेले. स्वरवर्षावात चिंब झालेले श्रोते, टाळ्यांचा कडकडाट, उत्तरोत्तर रंगत गेलेली मैफल. आणि अगदी शेवटी, जेवणानंतरच्या बडीशेपेसारखी एक ओळ : तबल्यावर अमुक आणि संवादिनीवर तमुक यांनी समर्पक साथ केली. हे वाक्य मीही लिहिलं आहे. किती वेळा, ते मोजायचं धाडस होत नाही.

एखाद्या संकेतस्थळासाठी किंवा ऑनलाइन नियतकालिकासाठी संगीतसमीक्षा लिहू लागलेली मुलंमुली कधीकधी मजकूर दाखवायला येतात. त्यांना मी एवढंच सांगतो, की लेखातली कलाकारांची नावं बोटाने झाका आणि पुन्हा वाचा. ही मैफल कुणाची, हे उरलेल्या मजकुरावरून ओळखू येतं का? निदान गायकाची होती की बासरीवाल्याची, एवढं तरी? येत नसेल तर तुम्ही गाण्याबद्दल काही लिहिलेलं नाही. मैफलीला हजर होतो अशी पावती फाडली आहे.

छापील वर्तमानपत्रात त्या पावतीलाही थोडी किंमत होती. काल टिळक स्मारक मंदिरात काय झालं, हे न गेलेल्याला कळवायचं आणि तेही दोनशे शब्दांत. आज न गेलेला माणूस त्याच कलाकाराचा तोच राग रात्री अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर ऐकू शकतो. छान झालं, हे कळायला त्याला आपली गरज उरलेली नाही. त्याला हवं असतं ते वेगळंच : या गाण्यात कान कुठे द्यायचा? मी जे ऐकलं आणि मला आवडलं किंवा खटकलं, ते नेमकं कोणत्या जागी होतं? समीक्षकाचं काम आता एवढंच आहे, आणि ते पूर्वीपेक्षा अवघड आहे, कारण वाचक तुमचं म्हणणं ताडून बघू शकतो.

उदाहरणासाठी दोन परिच्छेद रचून दाखवतो. पहिला असा :

'गायिकेने यमन रागाने मैफलीची सुरुवात केली. विलंबित एकतालातल्या बंदिशीनंतर त्यांनी द्रुत तीनतालात चीज सादर केली. त्यांच्या सुरेल आलापी आणि दमदार तानांना रसिकांनी उत्स्फूर्त दाद दिली.'

दुसरा :

'यमनच्या विलंबितात पहिली दहा मिनिटं गायिका मंद्र निषाद ते गंधार एवढ्याच पट्ट्यात फिरत राहिल्या. तीव्र मध्यम एकदोनदा नुसता डोकावून गेला. त्यामुळे पंचम पहिल्यांदा लागला तेव्हा बंद खोलीची खिडकी उघडावी तसं झालं. द्रुतात मात्र लय इतकी चढली की तानांचे दाणे एकमेकांत मिसळू लागले आणि मुखडा दोनदा घाईघाईने गाठावा लागला.'

दुसऱ्या परिच्छेदात एकही अवघड शब्द नाही. कौतुक आहे, तक्रार आहे, आणि दोन्हींना जागा आहे, म्हणजे पत्ता आहे. खिडकीची उपमा थोडी स्वस्त आहे हे मला मान्य. पण ती पंचमाच्या खुंटीला टांगलेली आहे, हवेत नाही.

हे सगळं आपल्याकडे नवीन आहे असंही नाही. केशवराव भोळे यांनी १९३०च्या दशकात 'वसुंधरा' साप्ताहिकात 'एकलव्य' या टोपणनावाने त्या काळच्या गायकांवर लिहिलं. पुढे ते लेख 'आजचे प्रसिद्ध गायक' या पुस्तकात आले. 'शुद्धसारंग' हेही त्यांचंच टोपणनाव. हाच माणूस पुण्यात प्रभातच्या 'संत तुकाराम' आणि 'कुंकू' या चित्रपटांचा संगीतकार होता. 'कुंकू'त पार्श्वसंगीताऐवजी दृश्यातलेच आवाज वापरले गेले होते, हे चित्रपटाच्या अभ्यासकांना ठाऊक असतं. भोळ्यांच्या लेखनात मला तोच कान दिसतो. आवाजाचा पोत कसा आहे, तो कुठे जाड होतो, कुठे चिरकतो, श्वास कुठे तुटतो, हे त्यांना आधी ऐकू येतं. नाव, घराणं, बिरुदं नंतर. हिराबागेत ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे, तिथे तुम्ही कार्यक्रम ऐकायला जात असाल. ज्योत्स्नाबाई केशवरावांच्या पत्नी. तिथून घरी येऊन पहिला परीक्षणाचा मजकूर लिहायला बसणाऱ्याने त्या सभागृहाच्या नावामागचं हे घर एकदा वाचून काढावं.

गाणं शिकलेलं हवं का?

हा प्रश्न दर वेळी येतो. थोडं शिकलेलं असेल तर उत्तम. निदान तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजता याव्यात, सम कुठे आली हे कळावं, रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रांतला फरक मांडीवर थाप देताना जाणवावा. पुण्यात हे शिकायची सोय कमी नाही. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये सुरू केलेला भारत गायन समाज आहे, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये स्थापन केलेलं गांधर्व महाविद्यालय आहे, आणि प्रत्येक पेठेत निदान एका घराच्या दारावर शिकवणीची पाटी आहे. वर्षभर कुठेतरी बसा. गायक व्हायला नाही, एक षड्ज धरून ठेवणं किती कठीण असतं ते कळायला. ते एकदा कळलं की 'दमसास कमी पडला' हे वाक्य लिहिताना हात थोडा थांबतो.

पण नुसत्या शिक्षणाने समीक्षक होत नाही. वामनराव देशपांडे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट होते, दिवसभर हिशेब तपासायचे. त्यांनी १९६१ मध्ये 'घरंदाज गायकी' लिहिलं. त्यात त्यांनी घराण्यांचे नुसते वंशवृक्ष दिले नाहीत. स्वर आणि लय अशी दोन टोकं धरली आणि कोणतं घराणं कोणत्या टोकाकडे झुकतं ते मांडलं : किराणा स्वराकडे, आग्रा लयीकडे, जयपूर दोहोंचा तोल साधणारं. या मांडणीशी तुमचं पटो न पटो, तिचा उपयोग मोठा आहे. ती श्रोत्याला एक प्रश्न देते. हा गायक आत्ता सुरात रमला आहे की लयीशी खेळतो आहे? मैफलीत एवढा एक प्रश्न घेऊन बसलात तरी अर्धं परीक्षण तिथेच मनात तयार होतं.

एक धोका मात्र आहे. घराण्याचं नाव म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. 'किराणा घराण्याची सुरेलता' हे लिहिणं म्हणजे कोकणस्थाचा चिक्कूपणा लिहिण्यासारखं आहे. दोन्ही विधानं लोकांना ऐकायला आवडतात आणि दोन्हींतून समोरच्या माणसाबद्दल काहीच कळत नाही. शिवाय आजचे कित्येक गायक दोन-तीन गुरूंकडे शिकलेले असतात आणि बाकीचं ध्वनिमुद्रणांवरून उचलतात. जे ऐकलंत ते लिहा. ते कुठून आलं, याचा अंदाज नंतर, आणि अंदाज म्हणूनच.

रागाचं नाव चुकलं तर

चुकतं. माझं चुकलं आहे. लिहायला लागलो त्या पहिल्या वर्षी एका सकाळच्या मैफलीला गेलो होतो. गायिकेने रागाचं नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, आणि सा रे ग प ध एवढेच स्वर ऐकून छातीठोकपणे भूप लिहून मोकळा झालो. चार दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं. अक्षर थरथरतं, मजकूर दोन ओळींचा : सकाळी साडेसात वाजता भूप गाणारी गायिका आम्ही अजून पाहिली नाही, तो देशकार होता, पुढच्या वेळी धैवताकडे लक्ष द्यावे.

पाचही स्वर तेच. पण भूप गंधारावर उभा असतो, पूर्वांगात नांदतो, संध्याकाळी गायला जातो. देशकारात धैवताचं राज्य असतं, गाणं उत्तरांगात, तार षड्जाच्या अंगणात खेळतं, रिषभाला फारसा मान नसतो. पूरिया, मारवा आणि सोहनी यांचंही असंच आहे. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, स्वर तिघांचे सारखे, मुक्काम वेगळे. ही गोष्ट वाचकाला सांगण्यासारखी आहे, आणि परीक्षणात ती सांगायची उत्तम संधी असते. 'देशकार गायला' एवढं लिहून पुढे जाऊ नका. 'भूपाचेच स्वर, पण प्रत्येक वाक्य धैवतावर येऊन बसत होतं' असं लिहिलंत तर राग न ओळखणारा वाचकही पुढच्या वेळी तो धैवत शोधेल.

शंका असेल तर विचारा. मैफलीनंतर कलाकाराला, साथीदाराला किंवा शेजारच्या आजोबांना. पुण्यातल्या कोणत्याही मैफलीत तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला राग ओळखणारे एक गृहस्थ बसलेले असतातच. बहुधा ते न विचारताच सांगतात. सगळं करूनही शंका उरली तर रागाचं नाव गाळा आणि स्वरांची चाल कशी होती ते लिहा.

वही, फोन आणि जागा

मैफलीत टिपणं किती घ्यायची? माझा अनुभव असा, की एका रागाला चार-पाच शब्द पुरतात. 'गं वर थांबली', 'तबला पुढे', 'अंतरा उशिरा, का?' असे. त्याहून जास्त लिहिलं तर ऐकणं बुडतं. ही टिपणं फोनवर घेऊ नका. अंधाऱ्या सभागृहात पडद्याचा उजेड मागच्या चार रांगांना त्रास देतो, शिवाय बोट नकळत निरोपांकडे वळतं. छोटी वही, शिसपेन्सिल. पेन खटखटतं.

कुठे बसलात, हेही ध्यानात ठेवा. पहिल्या रांगेत पास मिळाला म्हणून बसलात तर तुम्हाला गायकाचा मूळ आवाज ऐकू येतो आणि तबला अंगावर येतो. मागच्या खुर्च्यांवर तेच गाणं कर्ण्यांतून येतं आणि ते निराळं असतं. मोठ्या मांडवात हा फरक फार पडतो. सवाई आधी रमणबागेत व्हायचा, आता मुकुंदनगरला होतो. तिथे भारतीय बैठकीवर ऐकलेलं गाणं आणि भजीच्या गाड्यापाशी उभ्याने ऐकलेलं गाणं यांना एकच परीक्षण लागू पडत नाही. मी तरुणांना सांगतो, एक कलाकार तरी मागे जाऊन ऐका. तानपुरा बुडाला, पेटी कर्कश झाली, हे दोष कलाकाराच्या नावावर टाकण्याआधी ध्वनिव्यवस्थेकडे बघा. गायक पुन्हापुन्हा ध्वनियोजकाकडे खुणा करत असेल, कानाला हात लावत असेल, तर त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही असं समजायचं. अशा वेळी सूर किंचित उतरला तर तो कशामुळे उतरला, हे लिहिणं न्यायाला धरून आहे. नुसतं 'बेसूर' लिहिणं नाही.

वेळेचंही तसंच. भीमसेनजींनी १९५३ मध्ये गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला आणि पुढे कित्येक वर्षं तो रात्रभर चालायचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहाची मर्यादा लागू झाली, आणि बैठकीचं गणितच बदललं. मालकंस, दरबारी हे उत्तररात्रीच्या वातावरणातले राग आता लोक जेवणाच्या वेळेआधी ऐकतात. एकेका कलाकाराच्या वाट्याला ठरावीक मिनिटं येतात. पाऊण तासात विलंबित, द्रुत आणि वर अभंग बसवायचा तर बढत कुठेतरी आवरती घ्यावीच लागते. 'आलापी आटोपशीर होती' असं लिहिताना हे घड्याळ वाचकाला दाखवा. कुणी त्या घड्याळाला न जुमानता एकच राग मांडला असेल तर ती बातमी आहे, तिला पहिला परिच्छेद द्या.

दोष कसा लिहायचा

यावर मी सर्वांत जास्त अडखळलो आहे, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

पुणं लहान आहे. म्हणजे गाण्याचं पुणं. लोकसंख्येचं कितीही वाढो, गाण्याच्या पुण्यात प्रत्येक जण कुणाचा तरी शिष्य, भाचा, नाहीतर सोसायटीतला शेजारी असतो. शनिवारी ज्याच्या तानांबद्दल लिहिलं तो रविवारी सकाळी भाजीच्या पिशवीसकट समोर उभा. या भीतीने परीक्षणं गुळगुळीत होतात. मग त्याची भरपाई म्हणून कुणीतरी एकदम तलवार काढतं आणि एखाद्या नवख्या गायकाचा वध करतं, बहुधा ज्याची शहरात ओळख नसते त्याचा.

दोष लिहिताना मी स्वतःला तीन गोष्टी विचारतो. हा दोष मी ऐकला की मला कुणी मध्यंतरात चहा पिताना सांगितला? तो एकदा झाला की पुन्हापुन्हा? आणि हेच वाक्य कलाकारासमोर बसून, आवाज न चढवता म्हणू शकेन का? तिन्हींचं उत्तर नीट आलं तर लिहितो, आणि कुणाच्या तोंडाकडे न बघता लिहितो. 'काही जागा अधिक खुलल्या असत्या तर बरे झाले असते' असली वाक्यं मात्र लिहू नका. कोणत्या जागा? खुलल्या असत्या म्हणजे काय झालं असतं? अशा वाक्यातून टीकेची झळही लागत नाही आणि कलाकाराला हाताशी धरायलाही काही मिळत नाही.

विशीतल्या गायकाला आणि साठीतल्या गायकाला एकच मोजपट्टी लावायची का? स्वरांना लावायची, अपेक्षांना नाही. विशीतला मुलगा आपल्या गुरूचीच जागा हुबेहूब घेतो तेव्हा ते शिक्षण असतं. साठीतल्याने तेच केलं तर प्रश्न विचारावा. थकलेल्या आवाजाबद्दल लिहिताना आवाजाचं थकणं एका वाक्यात सांगा, मग त्या आवाजाने काय केलं ते पाहा. मोठे गायक थकलेल्या आवाजाला न पेलणारी वाट सोडून दुसरी काढतात, आणि ती वाट पुष्कळदा जास्त ऐकण्यासारखी असते.

ओळख असेल तर सांगून टाका. 'लेखक या गायिकेच्या गुरूंकडे काही वर्षं शिकत होता' ही एक ओळ लेखाखाली टाकल्याने काही बिघडत नाही. पास घ्यायला हरकत नाही, सभागृहात शिरायला तो लागतोच. आयोजकांनी दिलेली शाल आणि भेटवस्तूंची पिशवी घेऊन घरी येऊन लिहायला बसणं मात्र मला जमलं नाही. एकदा प्रयत्न केला. पिशवी टेबलाशेजारी होती आणि प्रत्येक विशेषण तिच्याकडे बघून लिहिलं जात होतं. शेवटी ती पिशवी उचलून माळ्यावर टाकली, तेव्हा कुठे लेख पुढे सरकला.

शब्दांचं काय करायचं

मराठीत गाण्याच्या शब्दांची श्रीमंती आहे : बढत, उपज, लगाव, फिरत, बोलबनाव, बेहलावा, खटका, मुरकी, जवारी. ते वापरा, पण एका परिच्छेदात एकच आणि असा की संदर्भावरून अर्थ लागावा. 'तंबोऱ्यांची जवारी इतकी खुली होती की सूर लागण्याआधीच खोली भरून गेली' या वाक्यात जवारी म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. एका ओळीत चार संज्ञा आल्या की वाचक दबून जातो आणि जाणकार हसतो.

अशोक दा. रानडे यांनी मराठीत संगीताची परिभाषा फार नेटाने घडवली. 'संगीताचे सौंदर्यशास्त्र' १९७१ सालचं. कलासंगीत, लोकसंगीत, जनसंगीत असे वेगवेगळे प्रवाह मानून प्रत्येकाला त्याच्या नियमांनी बघायचं, ही शिस्त त्यांच्याकडून घ्यावी. ती ऑनलाइन लिहिणाऱ्याला फारच उपयोगी, कारण त्याला सोमवारी ख्याल, बुधवारी चित्रपटगीत आणि शनिवारी कोरेगाव पार्कातल्या एखाद्या बँडवर लिहावं लागतं. २०१० मध्ये एनएच सेव्हन वीकेंडर हा महोत्सव पुण्यातच सुरू झाला, तेव्हा या शहराच्या कानांना गिटारची सवय नाही असं म्हणायची सोय उरलेली नाही. बँडवर लिहिताना 'शास्त्रीय बैठक नाही' ही तक्रार करू नका. ड्रम आणि बेस एकमेकांना धरून होते का, शब्द ऐकू आले का, गाणं संपवताना काय केलं, हे बघा. ख्यालाचा मुखडा मोजणारा कान इथेही चालतो, मोजायची वस्तू तेवढी बदलते.

नव्या गाण्यांच्या, अल्बमच्या परीक्षणात एक चूक सर्रास दिसते. गायकाचं नाव येतं, कधी संगीतकाराचं, आणि संगीत संयोजक गायब. चालीभोवती वाद्यांचं घर बांधणारा हा माणूस. अनिल मोहिल्यांसारख्या संयोजकांनी मराठी भावगीताचा आवाज घडवला. आज त्यांच्या जागी संगणकावर काम करणारी मंडळी आहेत. त्यांची नावं गाण्याच्या वर्णनात खाली कुठेतरी असतात. तिथवर बोट न्या. गीतकाराचं नावही तिथेच सापडतं.

सरावासाठी एक गृहपाठ. गीतरामायण १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. गदिमांची छप्पन्न गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक असे वेगवेगळे आवाज होते. पुढे बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनीच, सगळी गीतं एकट्याने गायली. एकच गीत मूळ आवाजात आणि मग बाबूजींच्या आवाजात ऐका. काय बदललं, ते दीडशे शब्दांत लिहा. 'अवीट', 'अजरामर', 'सुमधुर' हे शब्द वर्ज्य. हे जमलं की भीमसेनजींचा शुद्ध कल्याण घ्या, दोन वेगवेगळ्या काळांतला. चाल तीच, बंदिश तीच, मग वेगळं काय? पहिले तीन प्रयत्न फसतील. चौथ्यात काहीतरी हाताला लागतं.

ऑनलाइनची म्हणून खास

शब्दमर्यादा नाही, हा शाप आहे. दोन हजार शब्दांचं परीक्षण लिहिता येतं म्हणून लिहू नये. सातशे-आठशेत बहुतेक मैफली मावतात. रागांची यादी क्रमाने देण्याचा मोह टाळा. जिथे काही घडलं तिथून सुरुवात करा, मग ते मध्यंतरानंतरचं का असेना. कार्यक्रमाचा क्रम लेखाखाली चौकटीत देता येतो.

अधिकृत ध्वनिमुद्रण उपलब्ध असेल तर त्याचा दुवा द्या आणि मिनिट-सेकंद सांगा : 'बाराव्या मिनिटाला ऐका'. भोळ्यांच्या काळी ही चैन नव्हती. पण स्वतः सभागृहात फोन उंच धरून केलेलं मुद्रण लेखाला जोडू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ समीक्षेसाठी एखाद्या कृतीचा रास्त वापर करू देतं. मात्र त्याचा अर्थ अख्खी बंदिश चढवण्याची मुभा असा होत नाही, आणि प्रत्यक्ष मैफलीच्या मुद्रणात कलाकाराचा स्वतःचा हक्क असतो. परवानगी मागितली की बरेच जण एखादं मिनिट आनंदाने देतात.

चूक झाली तर गुपचूप दुरुस्त करू नका. छापील अंकात दुरुस्ती दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात यायची. इथे मजकूर बदलणं इतकं सोपं आहे की लबाडी कळतही नाही. लेखाखाली तारीख घालून लिहा : आधी भूप म्हटलं होतं, तो देशकार होता. वाचकाचा विश्वास अशा एका ओळीने जितका वाढतो तितका दहा चांगल्या उपमांनी वाढत नाही. ते पोस्टकार्ड मी अजून जपून ठेवलं आहे.

आणि घाई. रात्री अकराला घरी येऊन साडेअकराला मजकूर पाठवायचा, सगळ्यांच्या आधी. महोत्सवाच्या दिवसांत हे करावं लागतं, मीही केलं आहे. पण जमेल तेव्हा एक झोप घ्या. सकाळी आंघोळ करताना जी जागा आपोआप ओठांवर येते तीच बहुधा मैफलीतली खरी जागा असते. वहीत ती लिहिलेली नसते.

राहता राहिली ती बडीशेप, साथीदारांची शेवटची ओळ. तबलजीने काय केलं ते तो जिथे काही करतो तिथेच लिहा, गायनाच्या वर्णनाच्या पोटात. ठेका भरलेला होता की मोकळा, गायक लय वाढवत असताना त्याने धरून ठेवली की सोडून दिली, पेटीवाला गायकाच्या मागे सावलीसारखा आला की त्याच्या आधी पोचला. कधी साथीनेच मैफल वाचवलेली असते. तसं असेल तर तेच सांगा. मागे तंबोऱ्यावर बसलेल्या दोघांनाही विसरू नका. ते बहुधा शिष्य असतात, तास दोन तास पाठ ताठ ठेवून बसतात, आणि अधूनमधून गुरूची खूण झाली की दोन आवर्तनं गातातही. त्या दोन आवर्तनांत पुढच्या दहा वर्षांतलं एखादं गाणं ऐकू येतं. त्यांची नावं निवेदक घाईत उच्चारतो, कळत नाहीत. ती मैफल सुरू होण्याआधीच, तंबोरे जुळवत असताना जवळ जाऊन विचारून घ्या. संपल्यावर ती मुलं तंबोऱ्यांना गवसण्या घालण्यात आणि गुरूंची शाल शोधण्यात गुंतलेली असतात, मग सापडत नाहीत.